हौशीरामराजे

येडगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास रत्नाचा नमस्कार.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र टाकते. इकडं सगळे बरे. कांद्याला पाणी देऊन झालं. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

मागच्या बाजाराला आमचे हे बेल्ह्याला आले, ते तुझ्याकडंच जेवले. तुझ्या दारावर 'श्रीमंत हौशीरामराजे' अशी पाटी लागलीय म्हणाले. वंशावळ सांगणारा कुणी आला होता आणि आपल्या आजोबांना 'राजे' किताब होता असं त्यानं भर पंगतीत सांगितलं म्हणे.

दादा, तो किताब कुठला ते आप्पांनी आपल्या दोघांनाही सांगितलं होतं. जत्रेतल्या नाटकात भिकाआजोबा हरिश्चंद्र झाले. मुकुट उतरवला तरी गाव त्यांना राजेच म्हणत राहिलं. तसा 'राव'सुद्धा राजावरूनच आला म्हणतात. राजाचा राय, रायाचा राव. आता बाजारात बैल बघणाराही म्हणतो, "दात दावा की राव!"

त्या माणसानं साळुआजीचं माहेर नारायणगाव सांगितलं. तिचं माहेर ओतूर. नारायणगाव म्हणून चुकणारा आपल्या घरात तू एकटाच. मग त्याला पढवलं कुणी?

आणि पाटी लागली कधी, तर तुझ्या तेजस्विनीनं लग्नाला बंटीचं नाव घेतल्यावर. मिश्रीलालशेठच्या दुकानात तुझा जन्म चहा पिण्यात गेला. त्यांच्या नातवाला नाही कसं म्हणणार? म्हणून पोरीला म्हणालास, "राजांच्या पोरी दुकानदाराकडं जात न्हाईत."

लोकांना सांगतोस, ती पुण्याला कोर्सला गेलीय. मलाही तेच सांगितलंस. फोनवर मागं वहिनी रडत होती, ते मला ऐकू आलं. पोर कुठं आहे हे तुलाच ठाऊक नाही, असा मला संशय आहे. पोटची पोर घरात नाही आणि तू पाटी रंगवून घेत होतास?

ती माझ्याकडं आहे. तू खोलीला कडी घातलीस, त्या दिवशी वहिनीनंच ती काढली. तेजू घरातल्या चपलांवर एसटीनं आली. म्हणाली, "आत्या, तू पण परत पाठवणार का गं?" मी तिला आत घेतलं.

काल जुन्नरला देवळात दोघांनी माळा घातल्या. लग्न नोंदवलं. साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

शेठच्या घरीही आनंदीआनंद नाहीच. पण बंटीची आजी धापूबाई म्हणाली, "पोरगी एकटी नका धाडू, कुणीतरी संगं या." तर रविवारी मी तिला घेऊन येतेय. जायची वाट तुझ्या दारावरूनच आहे. ती तिथं थांबेल. दार उघडायचं का, ते तू बघ.

तुझी बहीण,
आणि तेजूची पाठराखीण,
रत्ना