असुंताच्या टोमॅटोंबद्दल

मी, बर्नाडीन क्लेअर डॉयल, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत आहे.

१. घर माझी भाची मॉरीन हिला. तिच्या नवऱ्याने झाडांना हात लावू नये. चेरीच्या बुंध्याशी भुशाचा ढीग चढवून त्यानेच ती कुजवली, वर मलाच म्हणाला, "मावशी, झाड म्हातारंच झालं होतं."

२. बँकेतली शिल्लक गावच्या ग्रंथालयाला. चर्चच्या छपराला एक डॉलरही नाही. फादरांना कारण माहीत आहे.

३. छाटणीच्या कात्र्या, पाण्याची नळी आणि पीचच्या झाडाची सगळी फळं, दरवर्षी, रेने पेत्रिली हिला. ही माझी शेजारीण असुंता हिची सून. जूनमध्ये फळं सुपारीएवढी झाली की वीतभर अंतरावर एकेक ठेवून बाकीची खुडावीत. जीव तुटतो, तरी खुडावीत. उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून एकदाच, पण भरपूर.

४. रेनेलाच का, ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी असुंता खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेली आणि जुलैभर वाफे माझ्यावर सोपवले. ओल टिकावी म्हणून मी माझ्या अंगणातलं कापलेलं गवत तिच्या टोमॅटोंच्या मुळाशी पसरलं. आठवड्यापूर्वीच त्या गवतावर मी तणनाशक मारलं होतं. असलं गवत झाडांना घालू नये, असं डब्यावर छापलं होतं. चौतीस वर्षं मुलांना "आधी सूचना वाचा" म्हणून दटावणाऱ्या मी तो डबा वाचला नाही.

पानं वेटोळी झाली, रोपं गेली. असुंताच्या आईपासून जपलेलं बी तिथेच संपलं. मी गवत गुपचूप उचललं.

"बर्नाडीन, कुणी केलं गं हे?" असुंता कुबड्यांवर उभी राहून रडत होती.

"मला काय माहीत? रविवारी रेने आली होती पाणी घालायला."

"आई, देवाशपथ, मी नुसतं पाणीच घातलं!" रेने म्हणत राहिली. त्या दिवसापासून त्या पोरीला सासूच्या बागेचं फाटक बंद आहे. मी मात्र दर ऑगस्टला तिथे बसून कॉफी पिते. मला माझी लाज वाटते.

५. मेल्यावर कबुली देणं हा भित्रेपणा आहे. म्हणून साक्षीला असुंताला बोलावलं आहे. हे कागद वाचल्याशिवाय तिने सही करू नये.

ईरी, ९ जुलै २०२३
(सही) बर्नाडीन क्लेअर डॉयल

साक्षीदार:
१. हॅरल्ड निमिट्झ, वकील
२. असुंता पेत्रिली. दोनदा वाचलं. सही केली. तुझ्याशी मी आज बोलणार नाही. आधी रेनेकडे जाते.