शुक्रवारची रताळी

उमेळे, शुक्रवार दुपार

प्रिय फिलू,

मोनिका गेली. अकराला टॅक्सी आली, तिची पेटी टपावर बांधली आणि आपली पोरगी कुवेतच्या इस्पितळात नर्स म्हणून निघून गेली. तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतोय. समोरच्या केळीच्या वाडीत इमारतीचं काम चाललंय, त्या ठोकाठोकीने डोकं भणभणतंय. कढई अजून स्टोव्हवर झाकलेली आहे. दोनदा हातात घेतली, दोनदा परत ठेवली. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलावं. तुला जाऊन नऊ महिने झाले आणि नवऱ्याचं पहिलं पत्र आज येतंय. रागावू नकोस.

जायच्या दिवशी काय खाशील, असं तिला विचारलं होतं. मला वाटलं तळलेले फुगे म्हणेल, डुकराच्या मटणाचं इंदेल म्हणेल. तर म्हणाली, "आईची रताळी कर, पप्पा. जहाजाच्या मटनातली." दोन वर्षांसाठी परदेशी चाललेल्या पोरीने एवढंच मागितलं! नाही कसं म्हणणार? पण नेमकं तेच मला करायचं नव्हतं. का, ते तुला ठाऊक आहे.

जहाजाचं मटण! हे नावही तुझंच. तुझा भाऊ बस्त्याव जहाजावर खानसामा. सुट्टीवर येताना डबाबंद बेकन, डुकराचं खारवलेलं मटण, आणायचा आणि साहेब लोक सकाळी ते अंड्यांबरोबर कसं खातात ते करून दाखवायचा. तू अंडी बाजूला सारलीस. सांडोरच्या माहेरच्या वाडीतली रताळी घातलीस, कांदा घातलास, घरचा मसाला भुरभुरलास, वर सिरक्याचे दोन थेंब. बस्त्याव बोटं चाटत म्हणाला, "बाय, आमच्या कॅप्टनने हे खाल्लं तर तुलाच जहाजावर नेईल."

"मग ह्यांना जेवन कोन घालील?" तू म्हणालीस. बघ, आता कोण घालतंय?

काल वांद्र्याला जाऊन बेकन आणलं. आज सकाळी सहाला कामाला लागलो. रताळी अर्धीकच्ची उकडली, फोडी केल्या. बेकन तेलाशिवाय मंद आचेवर ठेवलं, चरबी सुटली, कुरकुरीत तुकडे काढून घेतले आणि त्याच चरबीत कांदा, रताळी. इथवर ठीक. मग कानात तू बोललीस, "हलवू नका ओ, बसू दे त्याला. खालून लाल झाल्याशिवाय पलटायचं नाय." कसं बसू द्यायचं, फिलू? टॅक्सी वेळेवर येईल ना? पासपोर्ट वरच ठेवलाय ना? तिथे पोरगी आजारी पडली तर? प्रत्येक प्रश्नाला मी एकदा ढवळलं. अर्ध्या फोडींचा लगदा झाला. वर मीठही घातलं! बेकन मुळातच खारट असतं, हे मला सांगायला तू कुठे होतीस?

तरी मोनिका येऊन बसली. बशी वाढली. वास अगदी तोच होता गं. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि डोक्यावर पदर घेऊन क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला निघालेल्या बायका खिडकीतून दिसल्या. म्हणजे शुक्रवार. उपवासकाळातला शुक्रवार, मांस वर्ज्य! आणि वर्षानुवर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलेल्या मास्तराच्या घरात बेकनचा घमघमाट!

विसरलो कसा? तू होतीस तेव्हा वार मला नाकाने कळायचे. शुक्रवारी सुकटीचा वास, रविवारी मटणाचा. आता निवृत्त माणसाला रोज डाळभात. भिंतीवरचं कॅलेंडर अजून जूनवर आहे, तू गेलीस त्या पानावर. तिकिटावरची तारीख पाठ होती, वार पाहिलाच नाही.

माझा हात बशीकडे गेला, उचलायलाच. आणि मोनिकाने बशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नऊ वर्षांची असताना धरली होती, तशीच.

आठवतं ना? कशाला विचारतोय मी! टायफॉइडमधून उठलेली पोर, तीन आठवडे नुसत्या पेजेवर. त्या सकाळी पहिल्यांदा म्हणाली, भूक लागली, जहाजाचं मटण दे. तू दिलंस. मी चर्चमधून मिस्सा ऐकून आलो, बघितलं, असाच उपवासकाळातला शुक्रवार, आणि तिच्या हातातली बशी ओढून परसात कुत्र्यापुढे ओतली. पोर रडायचीही विसरली. तू म्हणालीस, "देवाला वार कळतो, पोरीची भूक नाय कळत?" आणि मी म्हणालो, "उद्या शनिवार. फादरकडे जा आणि पापाची कबुली दे."

आता ऐक, जे मी तेरा वर्षं बोललो नाही. आजारी माणसाला हे बंधन नसतं. मला ठाऊक होतं, मीच मुलांना वहीत लिहून द्यायचो! रागाच्या भरात विसरलो आणि त्याच दुपारी आठवलं. शनिवार उजाडायचा होता. तुला थांबवता आलं असतं. पण मास्तर चुकला, हे बायकोला कसं सांगायचं? न केलेल्या पापाची कबुली द्यायला तू निघालीस आणि मी दारात उभा राहून बघत राहिलो.

फादर तुला काय म्हणाले? यात पाप नाही, असंच म्हणाले असणार. म्हणजे तुलाही कळलं होतं! मग घरी येऊन एका शब्दानेही का बोलली नाहीस? माझी लाज का राखलीस, फिलू? भांडली असतीस तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो.

"पप्पा," आज मोनिका म्हणाली, "शुक्रवार हाय ते मला कालच ठाऊक होतं. तू एवढ्या लांबून घेऊन आलास, मग बोलले नाय." आणि तिने बशी सोडली. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

ती आजारी नव्हती. वहीतलं एकही वाक्य आज माझ्या बाजूने नव्हतं. मी बशी तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "खा. थंड होईल."

तिने बशी पुसून खाल्ली. खारट, लगदा झालेलं, सगळं. मी विचारलं, "आईसारखी झालीत का?"

"नाय," ती म्हणाली. मग हसली. "कढईत ठेवलीत थोडी तुला. उद्या खा, उद्या शनिवार."

ती टॅक्सीत बसताना मला तिला सगळं सांगायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर "पासपोर्ट घेतलास ना?" असा माझा स्वभाव. तू कसे दिवस काढलेस माझ्याबरोबर?

तर तुला वचन देतो. उद्या सकाळी फादरकडे जाईन. आजच्या बशीचं सांगेन, पण आधी त्या बशीचं. घरी येऊन मोनिकाला लिहीन की तुझ्या आईने त्या दिवशी काहीच पाप केलं नव्हतं, आणि तुझ्या बापाला ते माहीत होतं. जूनचं पान फाडीन. मग ही कढई मंद आचेवर ठेवीन आणि चमचा लांब ठेवून समोर बसेन. हलवणार नाही गं. बसू देईन.

तुझा,
इनास