अंजूची हाक

बाभुळगाव, मंगळवार

मार याडीले, माह्या मायले, शामचा जय ख्रिस्त,

मी बरा हाय. मोबाइल मारामारीत फुटला म्हणून पत्र लिहून राह्यलो. घाबरू नोको. तुहे गुडघे कसे हायेत? बकरी व्याली काय?

रविवारी मी आन् तुही सून अंजू काम सोडून उपासनेले गेलतो. त्याचा राग धरून जिनिंगच्या मुकादमानं काल अंजूच्या तोंडावर फावडं हाणलं. दोन दात पडले. कापसावर तिचं रक्त पाहून माह्यं डोकंच फिरलं. त्याले खाली पाडलं, छातीवर बसलो, बुक्क्यांनी नाक फोडलं आन् लोखंडी कांब उचलली.

तू म्हणते ना, काही करायच्या आंधी देवाले इचार. म्या इचारलं, "बापा, तुही इच्छा काय?"

तेवढ्यात मागून अंजू वरडली, "मार, शाम!"

मले आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं 'मार शाम' ऐकू आलं, म्हंजे 'माझा शाम'. वाटलं, देवच मले आपलं म्हणून राह्यला. कांब फेकली आन् त्याले उठवून पाणी पाजलं.

आज दवाखान्यात अंजूले हे सांगतलं. टाके घातलेल्या ओठानं ती म्हणाली, "मी मराठीत वरडली होती. हाण म्हणून."

उद्यापासून त्याच मुकादमाच्या हाताखाली जायचं हाय. आमच्यासाठी प्रार्थना कर. अंजूसाठी जास्त कर, याडी. मुकादम माह्या हातचं पाणी पेला, अंजू अजून पेत नाही.

तुहा,
शाम