मार्लिसच्या पाठीसाठी हवा

१४ जून, शनिवार
निर्णय झाला. मोटरसायकलचे मागचे स्प्रिंगचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून हवेचे बसवायचे. एक बटण दाबलं की मागची बाजू वर, दुसरं दाबलं की खाली. खड्डा आला तरी सीटवर कळत नाही. कारण एकच : मार्लिसची पाठ. सव्वीस वर्षं बायको माझ्यामागे बसून स्टर्जिसच्या मोटरसायकल रॅलीला आली. गेल्या वर्षी पाठ दुखते म्हणून घरी राहिली. यंदा येईल. हातात सात आठवडे. काम दोन दिवसांचं.

१५ जून, रविवार
शेजारचा डेलमर कुंपणावरून डोकावला. म्हणे, ट्रूडीकडे टाक, दुपारपर्यंत करून देईल. ट्रूडी म्हणजे गावातली मेकॅनिक. मी एकतीस वर्षं ड्रायव्हिंगचा परीक्षक होतो. तिला दोनदा नापास केलंय, डेलमरला एकदा. आमच्या हुरॉन गावातले निम्मे लोक आज गाडी चालवतात ते माझ्या दयेवर. जिला साधी रिव्हर्स घेता येत नव्हती, तिच्या हातात माझी गाडी देऊ?

२१ जून, शनिवार
खोकं आलं. दोन शॉक, मुठीएवढा कॉम्प्रेसर, काळ्या नळ्या, वायरींचा गुंता आणि चाळीस पानी पुस्तिका. पुस्तिका मूर्खांसाठी आहे. चित्रं पाहिली, पुरे.

२२ जून, रविवार
जुने शॉक काढले. सकाळी नऊ ते दुपारी चार. एक बोल्ट गंजलेला. कारखान्यात हल्ली कोणालाही कामावर ठेवतात. मार्लिस गॅरेजकडे फिरकली नाही. भारावून गेली असावी.

४ जुलै, शुक्रवार
नळ्या जोडल्या. धारदार पात्याने सरळ कापा, असं पुस्तिकेत होतं म्हणे. मी पकडीने कापल्या. वेळ वाचला. साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर दोन्ही टोकांना बुडबुडे. साबण हलका निघाला. डेलमर बिअर घेऊन आला आणि म्हणाला, लोवेल, हवा सुटतेय रे. म्हटलं, वीस वर्षं तुझ्या तोंडातून सुटतेय, मी कधी काही बोललो?
नळ्या दाबून आणखी आत घुसवल्या.

१२ जुलै, शनिवार
वायरिंग पूर्ण. बटण दाबलं आणि गाडी तीन इंच वर आली! ओरडलो. मार्लिस दारात आली, छान म्हणाली, आत गेली.
दुपारी चाचणी. पाचव्या मैलावर फुस्स. नळी सायलेन्सरला टेकून वितळली होती. मागची बाजू चाकावर बसली, रबर जळाल्याचा वास. दीड मैल ढकलत आणली. तीन गाड्या थांबल्या. एका बाईने विचारलं, काका, मदत हवी का? इंडिकेटर न देता कडेला आली होती. अशांची मदत मी घेत नाही.

१९ जुलै, शनिवार
नवी नळी, सायलेन्सरपासून लांब. गाडी वर-खाली करून पाहिली. उत्तम. पूर्ण खाली घेतली, स्टँडवर उभी केली आणि कॉफी प्यायला वळलो. धाडकन आवाज. गाडी खाली बसली की स्टँड लांब पडतो, गाडी ताठ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उलट्या बाजूला कलंडते. फ्रीजरवर पडली. फ्रीजरला पोचा, आरशाचा चुरा. डेलमरने उचलायला हात लावला. वर पुस्तिका चाळून म्हणाला, पान एकतीस, ठळक अक्षरात, स्टँड बदला.
महत्त्वाची गोष्ट एकतिसाव्या पानावर लपवणाऱ्याला मी आयुष्यभर लायसन दिलं नसतं.

२६ जुलै, शनिवार
बॅटरी ठार. कॉम्प्रेसर आपला आपणच चालत राहिला होता. गाडी ट्रूडीकडे नेली. केवळ दुसरं मत म्हणून. तिने माझ्या सगळ्या नळ्या काढून नव्या कापल्या, वायरी बदलल्या, आखूड स्टँड लावला. दुपारी जेवणाआधी गाडी तयार. विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, तुम्ही दोनदा नापास केलंत ना, तेव्हापासून आधी वाचते, मगच हात लावते.
म्हणजे श्रेय माझंच.

३० जुलै, बुधवार
मार्लिस बसली! तळ्यापर्यंत गेलो. खड्डे कळलेच नाहीत. वाटेत तिला दाखवत गेलो : लाल पिकअप, फार जवळून. गवताची ट्रॉली, दिवा बंद. आपले पाद्री, चौकात पूर्ण थांबले नाहीत. चारचौघांत प्रवचन देतात!
तळ्याकाठी विचारलं, पाठ कशी आहे? म्हणाली, पाठ मार्चमध्येच बरी झाली. मग अडचण काय? शांतपणे म्हणाली, लोवेल, सीट लोण्यासारखी आहे. पण जाताना तीनशे मैल आणि येताना तीनशे मैल तू पुढे बसून अख्ख्या जगाला नापास करत जातोस, आणि ते सगळं माझ्या कानात पडतं. गेल्या वर्षी दहा दिवस घरात कोणी नापास झालं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी रडले.
म्हटलं, येताना वळणावर तू उलट्या बाजूला झुकलीस.
तिने डेलमरच्या बायकोला फोन केला. ती कार घेऊन आली. मार्लिस तिच्याबरोबर घरी गेली.

३१ जुलै, गुरुवार
मार्लिस रॅलीला येत नाही. मन बदलेल म्हणून दिवसभर वाट पाहिली. तिने माझी बॅग भरली, सँडविच बांधले. माझ्या एकट्यापुरतेच.

१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी नऊ
मिसूरी नदीचा पूल ओलांडून पंपावर थांबलोय. एकट्याच्या वजनाला हवा कमी केली. गाडी तरंगते. पुलावर एक घराएवढा कॅम्पर ट्रक इशारा न देता माझ्या लेनमध्ये घुसला. मान वळवून सांगायला गेलो. मागे सँडविचची पिशवी.
त्यानंतर दहा मैल एक शब्द बोललो नाही. आयुष्यात प्रथमच. घरी फोन करून तसं सांगितलं. मार्लिसने विचारलं, अजून किती राहिलेत? म्हटलं, सव्वादोनशे. म्हणाली, मग तेवढेही तसेच जाऊन बघ.
आणि मी पुढे काही बोलायच्या आत फोन ठेवला.
शिष्टाचारात नापास.