हार घालणार नाही

८ सप्टेंबर २०२५, चिखली

"हार तुम्हीच घालायचा, माय!" म्हणे. मी! काकाच्या फोटोला!

किसनराव सकाळीच येऊन बसला होता. अडतीचं दुकान आहे त्याचं, आता कुठल्याशा मंडळाचा अध्यक्षही झालाय. सतरा तारखेला निजामाचं राज्य बुडाल्याचा कार्यक्रम. रझाकारांशी लढलेल्यांचा सत्कार, त्यात पहिलं नाव माझ्या काकाचं – पुंजाजी. काका जाऊन वर्षं लोटली, म्हणून फोटो. आणि रझाकार डोळ्यांनी पाहिलेलं माणूस म्हणून मी.

"त्यायनं काय काय केलं ते सांगा. लोकायचं रगत उसळलं पायजे!"

"सारंच सांगू का?"

"हाव, सारंच!"

सारं म्हणजे किती, हे त्याला कुठलं ठाऊक.

९ सप्टेंबर

गोकुळ म्हणतो, "माय, ते म्हणतात तेवढं बोल न् मोकळी हो." पोटचा पोरगा! पंचाऐंशीव्या वर्षी मी आता कशातून मोकळी होऊ?

११ सप्टेंबर

एकदा लिहूनच काढते.

आमचं गाव हद्दीपलीकडे, निजामाच्या मुलखात. इकडे वऱ्हाडात झेंडा लागून वर्ष होत आलेलं, तिकडे रझाकारांच्या बंदुका. मी आठ वर्षांची. उन्हाळ्यात ते धान्य मागायला आले. बाबांनी ज्वारी कुठल्या पेवात पुरलीय ते सांगितलं नाही. चावडीपुढच्या लिंबाला बांधून मारलं त्यांना. आम्हा पोरांना समोर बसवलं – टाळ्या वाजवा! पोरं रडत रडत वाजवत होती. मी हात पाठीमागे घट्ट धरले. बंदुकीचा दस्ता डाव्या कानावर बसला. तो कान कायमचा गेला. पण टाळी वाजवली नाही! अजूनही त्याचं बरं वाटतं.

बाबा संध्याकाळी गेले. मग रझाकारांनी घरं पेटवली. पळापळीत आई धाकट्याला घेऊन सुटली, मी मागे राहिले.

मला ओढून घरात घेतलं ते जैनबबीनं. गाद्या भरणारी पिंजारीण. ते तिच्याच धर्माचे, पण तिनं मला पिंजलेल्या कापसाच्या ढिगात दडपलं. दारात बूट वाजले. "अंदर कौन है?" ही खणखणीत आवाजात – "रूई है, और क्या होना? हात डालके देखो!" हात घातला असता तर मी आणि ती, दोघी गेलो असतो.

पुढे कापसाच्या गाठोड्यांत घालून तिनं मला बैलगाडीनं हद्दीअलीकडे देऊळगाव राजाला आणलं, आईच्या हवाली केलं. आई तिच्या पाया पडायला लागली, तर म्हणाली, "ते राहू दे, पह्यले पोरीले खाऊ घाल." आणि परत गेली.

कशाला परत गेली!

१२ सप्टेंबर

काल पुढचं लिहवलं नाही.

भारताची फौज आली, रझाकार पळाले. आम्ही हसत गावी परतलो. जैनबबीच्या घराच्या जागी काळा चौथरा. बाहेरून कडी लावून पेटवलं होतं. आत ती, तिचा नवरा, म्हातारी सासू.

काका ओट्यावर बसून सांगत होता, "भावाचा हिसाब चुकता केला!"

मी विचारलं, "जैनबबीनं काय केलं होतं?" आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मरेपर्यंत तो काढला नाही तिनं.

माझ्या बापाचा हिसाब म्हणे! बाबांच्या गादीचा कापूस दर दिवाळीला तीच पिंजायची.

१४ सप्टेंबर

किसनरावला फोन केला. हार घालणार नाही. बोलीन, पण जैनबबीचंही बोलीन. धावतच आला.

"माय, माहोल बिघडंल! मंचावर पंजाबराव राहतीन – तुमचे चुलतभाऊ! त्यायच्या बापाचा सत्कार आहे तो!"

"मग तं त्याच्यासमोरच बोलतो."

तो गेल्यावर गोकुळ ओरडला, "आपल्याले याच गावात राह्यचं आहे, माय!"

"मले नाही राह्यचं का?"

१५ सप्टेंबर

अनोळखी नंबर. "म्हातारे, तोंड सांभाळ –" मी फोन डाव्या कानाला लावला. बोल म्हटलं, बोल किती बोलतो ते!

१७ सप्टेंबर

बोलले!

नात सारिका दंडाला धरून घेऊन गेली. सभागृह गच्च. पंजाबराव पांढऱ्या कपड्यात, मान खाली. बाबांचं सांगितलं, टाळ्या. कापसाच्या ढिगाचं सांगितलं, चुळबुळ. कडी कुणी लावली ते सांगायला लागले आणि माईक बंद! जन्मभर झेडपीच्या शाळेत शिकवलं मी, तिथे कुठे माईक होता? आवाज चढवला. कोणीतरी ओरडलं, "बस करा!" मी म्हटलं, "तू बस." शेवटपर्यंत सांगितलं – बाबांना मारलं ते पाप रझाकारांचं, जैनबबीला जाळलं ते पाप आमचं. तिचं नाव तीनदा घेतलं, मोठ्यानं.

अर्धी माणसं उठून गेली. अर्धी बसली होती! हार ताटातच राहिला. पंजाबराव मागच्या दारानं निघून गेला.

१८ सप्टेंबर

गल्लीत कोणी बोलेना. गोकुळ जेवला नाही. न जेवो. मी दोन भाकरी खाल्ल्या.

२० सप्टेंबर

पंजाबराव आला. एकटाच. मी भांडायच्या तयारीनंच दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"अक्का, बापानं मरताना सारं सांगतलं होतं मले. मंडळाले तुह्यं नाव मीच सुचवलं. वाटलं, तू बोलशील. मले हिंमत होत नोती."

मी दारातून बाजूला झाले, त्याला आत घेतलं. मग म्हटलं, "पुढल्या साली तू बोल. मी समोर बसतो."