पाळणा आणू नका

अहो,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातला आहे असं समजा, वाकले की कंबर धरते. बाळ-बाळंतीण ठणठणीत. तुम्ही गोळ्या घेता ना? की डबीला नुसतं दर्शन?

तुमच्या लेकीने कपाटं भिंतीला स्क्रूने जखडली, टेबलाचे कोपरे रबराने मढवले. बाळ अजून कुशीवर वळत नाही, पण घर सज्ज आहे. मी दमले.

तुम्ही पाळण्याला पॉलिश करताय, हे तिला सांगितलं. "आई, गजांत अंतर किती?"

"तू त्यातच वाढलीस. धडधाकट आहेस."

तिने पट्टीवर सहा सेंटीमीटर दाखवले. याहून जास्त असलं की अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं म्हणे. आपल्या पाळण्यात माझी अख्खी मूठ जाते. मी विषय बदलला.

कारण ती सात महिन्यांची असताना तसंच झालं होतं. तुम्ही फिरतीवर होतात. शेजारच्या सुताराने गज कापून तिला सोडवलं, मग नवा बसवला. "हा एकच उजळ कसा?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, पुसलाय. सत्तावीस वर्षं तुम्ही ते खरं मानलंत.

तेव्हा पाळणा आणू नका. शेजारची सून मागेल, तिलाही देऊ नका. पॉलिश वाळलं असलं तरी मोडून टाका.

लेकीला आज सांगते. तुम्ही तिकडे हवं तेवढं रागावून घ्या.

तुमचीच,
बाळाची आजी