तूप लावलेला घास

बोरी,
१२ जून २०२५

ती. स्व. राजेश्री आत्यास,
भक्तीचा सा. न. वि. वि.

बाबा स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून हे पत्र. शेजारच्या कडूबाई वालूरच्या बाजाराला निघाल्यात, त्यांच्या हाती देते. आधी पाणी पी, मग वाच. पुण्याच्या वस्त्रकलेच्या कॉलेजनं मला नाकारलं!

परीक्षेत मार्क चांगले होते, चित्रंही आवडली होती. पण घरी शिवलेला एक नमुनाही पाठवायचा होता. मी जुन्या लुगड्यांची छोटी वाकळ शिवून पाठवली. तू शिकवलंस तसं शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा घास ठेवला, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. लाडानं त्याला तूपही लावलं. पार्सल तिथं पोचेपर्यंत घासाला बुरशी आली, मुंग्या लागल्या. शेरा आला की नमुना अस्वच्छ, सबब प्रवेश नाही.

अपील करता येतं, पण एकदाच, आणि समोर उभं राहून. बाबा म्हणतात की उंदरानं कुरतडलं म्हून सांग, कोण बघाया येतंय. खरं सांगितलं तर खेड्यातली पोरगी कापडात भाकर शिवते म्हणून हसतील आणि जागा कायमची जाईल. कधी वाटतं, अपील करूच नये, जिंतूरला बी.ए. आहेच. पण आत्या, मला दुसरं काही करायचंच नाही गं! काय करू ते लवकर कळव.

तुझ्या अहोंना, दिनकरमामांना, नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
भक्ती


वालूर,
१३ जून २०२५

चि. भक्तीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता भाजी करपली, तुझे मामा करपलेलीच जेवले. अगं वेडे, घास उन्हात कडक वाळवून ठेवायचा असतो, तोही चण्याएवढा! तू तर जावयाला वाढावी तशी तुपाची भाकर वाढलीस. हसून हसून बेजार झाले, आणि मग एकदम धसका बसला की पोरीची जागा जाते की काय.

अपील करायचं म्हणजे करायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, मग कॉलेज कशाला आपणहून बोलावील? उंदराला मात्र मध्ये आणू नकोस, त्या बिचाऱ्यानं काय केलंय? शिवाय तुला खोटं पचत नाही. लहानपणी गूळ खाऊन नाही म्हणायचीस तेव्हा कान लाल व्हायचे. वाळवायचं चुकलं म्हण, रीत चुकली म्हणू नकोस.

सोबतीला मी येते. मामा म्हणाले की चहा मी करून घेतो, तू जाय, लेकराचं नुकसान होऊ देऊ नको. भागवतदादाला माझा नमस्कार, आणि त्याच्या उंदरालाही.

तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेली,
राजेश्री आत्या


पुणे,
२१ जून २०२५

ती. स्व. आत्यास,
भक्तीचा सा. न. वि. वि.

मिळाला! प्रवेश मिळाला! तू बॅग भरून बसलीस आणि बाबा ऐनवेळी मीच जातो म्हणाले, त्याचा राग आता सोडून दे.

टेबलापलीकडे चौघं होते. बाबांनाही आत बसवलं. मी घास, तूप, मुंग्या सगळं सांगितलं, वाळवायला चुकले हेही सांगितलं. एका सरांनी विचारलं की ही रीत खरी की आता रचलीस? मग ते बाबांकडे वळले.

बाबा टोपी काढून उभे राहिले. म्हणाले की रीत खरी हाय, मी जन्मभर तसल्याच वाकळंत निजलो. आणि पुढं म्हणाले की साहेब, उंदराचं खोटं सांग म्हून मीच हिला शिकवलं होतं. हिनं माझं ऐकलं न्हाई. आता तुमी ठरवा.

मला वाटलं, गेलं सगळं. पण त्या चौघांतल्या मॅडमनी मला दुसरा नमुना तिथंच बसून शिवायला लावला, आणि संध्याकाळी यादीत माझं नाव होतं.

बाबा रात्रीच्या गाडीनं परत निघाले. निघताना मी नुसती त्यांच्या पाया पडून रडले. परक्या चार माणसांसमोर त्यांनी माझ्यासाठी स्वतःला खोटं ठरवलं गं! तू बोरीला गेलीस की त्यांच्याजवळ बस आणि सांग की भक्तीला तुझा लय अभिमान वाटला.

मामांना नमस्कार. दूर आले म्हणून माझा लाड कमी करू नकोस.

तुझीच,
भक्ती